पहिली किक

दुसऱ्यांदा थेंब घालून सिस्टर पुढच्या खुर्चीकडे वळली तेव्हा डाव्या डोळ्यातून ओघळलेलं पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आलं होतं. ते पुसायला त्याने रुमालासाठी जाकिटाच्या खिशात हात घातला, आणि रुमालाखाली बोटांना काहीतरी कडक, चौकोनी लागलं. काडेपेटीएवढं. एका अंगाला पत्र्याच्या पातळ पट्ट्या, दुसऱ्या अंगाने निघालेल्या तीन वायरी. गेली पस्तीस वर्षं त्याने जुन्या मोटरसायकलींच्या वायरिंगशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं, त्यामुळे ते काय आहे हे बोटांना ताबडतोब कळलं. डोक्याने मात्र टाळाटाळ केली. रेग्युलेटर आहे, नवा, इलेक्ट्रॉनिक, असेल जादाचा, आपण दोन आणले होते की नाही? "डोळे मिटून बसा हं सगळ्यांनी, अर्धा तास कुणी उघडायचे नाहीत," असं सिस्टर शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली आणि दार लावून गेली. आठ खुर्च्या, एक खिडकी, तिला जाड हिरवा पडदा. आठही माणसं माना मागे टाकून, न्हाव्याकडे बसल्यासारखी. उजेड डोळ्यांना सोसणार नाही म्हणून दार बंद, दार बंद म्हणून हवा बंद. त्याने खिशातल्या खिशात एकेक वायर चाचपून पाहिली. पहिली आखूड. दुसरी आखूड. तिसरी वीतभर लांब, आणि तिच्या टोकाला मेणाच्या दोऱ्याची गाठ. जोड लावलेल्या प्रत्येक वायरीला तो अशी गाठ मारायचा, ती त्याची सही होती. आणि तिसरी वायर वीतभर वाढवावी लागली होती ती एकाच गाडीसाठी.

ती गाडी दादाची. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, वय एकाहत्तर, आणि गाडी दादाहून जुनी, वडिलांची. तिच्या सीटखाली डाव्या बाजूला काळी डबी आहे. डायनॅमोतून येणारी वीज बॅटरीला किती जाऊ द्यायची ते या डबीत ठरतं. मूळच्या डबीत तांब्याच्या तारेची दोन रिळं आणि वीज जोडणारे-तोडणारे चार चिमुकले पॉइंट असायचे, आणि त्यांचा कारभार मोकळ्या हाताचा. ॲसिडची बॅटरी होती तोवर ते चालून जायचं. जास्त वीज आली तर ती बिचारी उकळायची, पाणी मागायची, वर्ष-दोन वर्षांनी मरायची. पण आता दादाच्या गाडीत लिथियमची बॅटरी होती. मुठीत मावेल एवढी, पण इंजिनला धक्क्यासरशी जागं करणारी. तिला साडेचौदा व्होल्टच्या वर एक थेंब सोसत नाही. तिला उकळता येत नाही. ती सुजते, आणि मग पेटते. म्हणून त्याने जुन्या डबीतली रिळं काढून आत हा नवा रेग्युलेटर बसवला होता; बाहेरून डबी जुनीच, झाकणावरचा गंजाचा डागसुद्धा त्याने जपला होता. आणि तो रेग्युलेटर आता इथे खिशात होता. म्हणजे डबीत पुन्हा जुनी रिळं होती. म्हणजे आज सकाळपासून दादा बॅटरीच्या पेटीवर बसला होता आणि गाडी पळवून ती पेटी तो स्वतःच भरत होता.

गावातल्या गावात काही झालं नसतं. वीस मिनिटांच्या फेऱ्या, दर चौकात थांबणं, डायनॅमोला दमच धरता येत नाही. पण आज जुन्या गाड्यांच्या मंडळाची वार्षिक सफर होती, दोनशे किलोमीटर, सरळ हायवे. सकाळीच दादाचा फोन आला होता. पहाटे दिवा लावून मैदानापर्यंत गेलो, काय दिवा पडतो रे छोट्या, म्हणाला, दिवसासारखा. आणि त्याने दात घासता घासता आरशात स्वतःकडे पाहून मान डोलावली होती. दिवसासारखा! पस्तीस वर्षांच्या कारागिराला दिवसासारखा दिवा म्हणजे वीज जास्त जातेय हे कळू नये? कुठल्याही गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तर त्याने हातातलं टाकून मीटर उचलला असता. दादाने सांगितलं म्हणून तो खूश झाला. दादाने शाबासकी दिली की तो अजून आठ वर्षांचा होतो, तेच नडलं.

आठ वर्षांचा तो, अठरा वर्षांचा दादा. गाडी पायऱ्यांखाली उभी असायची. तो घरात पाटी घेऊन बसलेला असायचा आणि बाहेर दादाने किक मारली की बोटं मोडून मोजायचा. एक. दोन. तिसरीला इंजिन बोलायचं, म्हणजे बोलायचंच. वडिलांना सहा-सात लागायच्या, दादाला कधी चौथी लागली नाही. हँडलवर डाव्या मुठीपाशी एक छोटा लिव्हर होता. ठिणगी लवकर पडायची की उशिरा हे त्यावर ठरतं. चालू करताना तो मागे घ्यायचा, नाहीतर इंजिन उलटं फिरतं आणि किकचा दांडा पायावर परत येतो. "सगळ्याला हात लाव, या लिव्हरला नाही," असं दादाने त्याला सांगून ठेवलं होतं. आता आठ वर्षांच्या पोराला असं सांगणं म्हणजे बोलावणंच. एका सकाळी तो गाडीवर चढून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत लिव्हर पुढेमागे करत बसला होता. पायऱ्यांवर दादाची पावलं वाजली. तो उडी मारून घरात पळाला, पाटी पुढे ओढली. एक, त्याने मोजलं. दोन आलं नाही. दोनच्या जागी दादाचं ओरडणं आलं, तसं ओरडणं त्याने आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. घोटा तीन ठिकाणी मोडला होता. "लिव्हर बघायला काय झालं होतं?" वडील गरजले, आणि दादा पांढऱ्याफटक तोंडाने म्हणाला, "विसरलो." एवढंच. तो दारामागे उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही, त्या दिवशी नाही, वडील गेले तेव्हा नाही, त्रेपन्न वर्षांत एकदाही नाही. शरमेला जागा लागते आणि त्याने तिला एक कोपरा देऊन टाकला होता. ती तिथे राहायची, तो तिच्या बाजूने ये-जा करायचा. त्याने मोटरसायकलींच्याच धंद्यात पडावं याचं कुणाला नवल वाटलं नाही, त्याला स्वतःला अधूनमधून वाटायचं.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी वहिनी दुकानात येऊन म्हणाल्या, "भावोजी, यांचा पाय आता किकचा राहिला नाही. घोटा सुजवून घेतात आणि मला सांगतात चप्पल चावली. काहीतरी करा, पण त्यांना अपमान वाटेल असं नको," तेव्हा त्याने एक क्षणही विचार केला नाही. मंडळाची एक रीत होती: सफर निघताना सगळ्यात वयस्क सभासदाने सगळ्यांसमोर किक मारून गाडी चालू करायची, आणि तिचं इंजिन बोलल्यावर मगच बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांना हात लावायचा. पहिली किक. सहा वर्षं ती दादाची होती. बटणाच्या गाडीला मंडळात जागा नव्हती. सेक्रेटरी खिशात भिंग घेऊन फिरायचा आणि स्क्रू मूळचा आहे की नाही ते गुडघ्यावर बसून तपासायचा. म्हणून त्याला पाठीमागे सगळे भिंगच म्हणायचे. त्या भिंगाच्या डोळ्यांत धूळ फेकायची तर काम तसंच हवं होतं. त्याने स्टार्टरची मोटर साखळीच्या झाकणाआड बसवली. जुन्या रबरी बॅटरीची पेटी आतून पोखरून तिच्यात लिथियमची बॅटरी ठेवली, वर जुनं झाकण. बटण टाकीच्या खालच्या कडेला, डाव्या अंगठ्याला सापडेल पण डोळ्याला नाही असं. मग दोघा म्हाताऱ्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून तालीम केली: दादाने पाय दांड्यावर ठेवायचा, अंग उचलायचं, खांदा टाकायचा, आणि त्याच वेळी अंगठा. पहिल्या दोनदा अंगठा आधी पडला आणि गाडी दादाच्या आधी सुरू झाली. तिसऱ्यांदा जमलं. दादा म्हणाला, "जन्मात नाटकात काम केलं नाही, आता म्हातारपणी आलं वाट्याला."

आणि भिंग एक दिवस आधीच पाहणीला आला. डबी उघडी होती. दादाने त्याला बाहेर चहात अडकवून ठेवलं आणि त्याने पाच मिनिटांत नवा रेग्युलेटर उपटला, जुनी रिळं दोन स्क्रूंवर परत बसवली, तिन्ही वायरी जोडल्या. मुलीकडे जायचं म्हणून हे जाकीट अंगावर होतं. रेग्युलेटर त्याच्या खिशात गेला. भिंग गुडघ्यावर बसला, डबीत पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि हळवा होऊन म्हणाला, "चारही पॉइंट मूळचे. हल्ली असं बघायला मिळत नाही हो." तो गेल्यावर दोघं हसले. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग स्टुलावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्रेपन्न वर्षांत ते दोघं असे हसले नव्हते. दादा हसता हसताच गाडीवर बसला, खोटी किक मारली आणि गेला. तो मागे हसत राहिला. हसताना त्याच्या डोक्यातून तेवढं एकच गेलं. पस्तीस वर्षांत कुणाची गाडी मीटर न लावता त्याने दाराबाहेर सोडली नव्हती, आणि सोडली ती ही.

त्याने डोळे उघडले. खोली दुधात बुडाल्यासारखी. फोन काढून डोळ्यांपाशी धरला, लांब धरला. कुठेच अक्षर नाही, नुसता पांढरा डाग. वरून पहिलं नाव दादाचं असणार म्हणून त्याने अंदाजाने बोट टेकवलं. कुठेतरी घंटी वाजली, वाजत राहिली, थांबली. दादाने उचलला नाही की लागला दुसऱ्याच कुणाला, हेही कळायला मार्ग नव्हता. "जरा बघता का हो, कुठे लागला ते?" त्याने शेजारच्याला विचारलं. शेजारचा शिंपी होता, मघाशी त्याने आपणहून सांगितलं होतं. "बघतो की," तो म्हणाला, फोन हातात घेतला, हात लांब केला, जवळ आणला. "अहो, मलाही घातलेत ना थेंब. सुईत दोरा जात नाही म्हणून तर आलो." मग त्याने खोलीला विचारलं, कुणाला दिसतंय का म्हणून. आठ माणसांत कुणालाही दिसत नव्हतं. कुणीतरी हसलं. त्याला हसू आलं नाही. तो उठला, भिंत धरून दाराकडे गेला, तर कडी बाहेरून होती. त्याने दारावर थाप मारली. एकदा, मग दोन्ही हातांनी.

सिस्टर रागावूनच आली. त्याने सगळं एका दमात सांगितलं, तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण "माझा भाऊ जळेल" एवढं कळलं असावं. तिने फोन घेतला, लावला आणि त्याच्या कानाला धरला.

"बोल छोट्या. झाले डोळे?"

"दादा, कुठे आहेस?"

"चहाला थांबलोय. सगळे आहेत. काय पळतेय रे आज."

"आता चालू करू नकोस. ऐक. सीटखाली हात लाव. गरम आहे?"

"अडीच तास बसलोय तिच्यावर. गार कशी असेल?"

"वास येतोय का कसला? गोडसर?"

पलीकडे दादाने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "येतोय खरा. नखांना लावतात त्या रंगासारखा. मला वाटलं कुणाच्या सामानात बाटली फुटली."

"बॅटरी सुजलीय, दादा. माझं चुकलं. भिंग आला त्या दिवशी जुनी रिळं बसवली, ती काढायची राहिली. नवा रेग्युलेटर माझ्या खिशात आहे."

पलीकडे कप-बश्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. मग दादा अगदी हळू म्हणाला, "पेटी उघडायची? इथे?"

"हो."

"भिंग चार हातांवर उभा आहे."

"असू दे."

"सहा वर्षं, छोट्या," दादा म्हणाला. आणि मग एकदम मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हो, हो. डोळे चोळू नकोस. ठेवतो." फोन बंद झाला.

हा आवाज त्याने ओळखला. 'विसरलो' म्हणणारा आवाज हाच. पांढरंफटक तोंड, शांत आवाज, आणि आत कुणाला येऊ द्यायचं नाही. दादा पेटी उघडणार नाही. उरलेले पन्नास किलोमीटर हळू जाईन म्हणेल, मनाशी हिशेब करेल, आणि अंगठा टाकीखाली नेईल. सिस्टर म्हणत होती, झालं ना, आता बसा. तो उभाच राहिला. दादाचं गुपित त्याच्याकडे ठेवायला दिलेलं होतं. त्याची चूक दादाने जन्मभर आपल्या पायावर वागवली, आणि त्याने दादाचं झाकलेलं उघडं करायचं, तेही भिंगासमोर. खोटं सांगावं का? घरी कुणी आजारी आहे म्हणावं, तर दादा बटण दाबून भरधाव परत फिरेल. पेट्रोल गळतंय म्हणावं, तर भिंग भिंग काढून सीटखाली वाकेल. त्याने एकेक खोटं उचलून पाहिलं आणि प्रत्येकात कुणाचं तरी तोंड त्या पेटीजवळ होतं. खोली बंद, डोळे बंद, आणि बाहेर पडायला एकच वाट होती; तिच्या तोंडाशी दादा उभा होता.

"सिस्टर, अजून एक नंबर लावा," तो म्हणाला. "भ वर बघा. भिंग."

"हे नाव आहे?"

"लावा हो."

भिंगाने उचलल्यावर त्याने नमस्कारसुद्धा केला नाही. "दादाच्या गाडीत ॲसिडची बॅटरी नाही, लिथियमची आहे. मी स्टार्टर बसवलाय. बटण टाकीखाली डावीकडे. बॅटरी सुजलीय आणि कधीही पेटेल."

"म्हणजे आज सकाळची पहिली किक—"

"खोटी होती. त्याचं काय ते मागून बोला. आधी सगळ्यांना गाडीपासून लांब करा, चाळीस पावलं. धूर दिसत असेल तर कुणी हात लावायचा नाही, गाडी गेली तरी चालेल. धूर नसेल तर हातमोजे घालून बॅटरीचा पट्टा सोडा, आधी काळी वायर, मग लाल, आणि लांब दगडांवर नेऊन ठेवा. जवळ वाकायचं नाही."

भिंगाने कोरड्या आवाजात सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. काळी, लाल, दगड. माणूस मूळचाच चोख होता. मग फोन बंद झाला.

सिस्टरने त्याला खुर्चीत बसवलं आणि का कोण जाणे, फोन त्याच्या हातात राहू दिला. जाताना तिने दार उघडंच ठेवलं. शिंपी म्हणाला, "भाऊ थोरला का?" तो हो म्हणाला. पापण्यांच्या आत लाल उजेड होता, त्यात धूर असल्यासारखा वाटायचा, मग नसल्यासारखा. त्याने मनातल्या मनात पेटी उघडली, पट्टा सोडला, काळी वायर, लाल वायर, पुन्हा पेटी उघडली. दादाला तो आता कुठल्या तोंडाने भेटणार होता? पण दादा भेटायला असला तर ना. इतकं सरळ वाक्य त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू आलं, आणि थेंबांमुळे ते कुणाला कळलं नाही.

फोन हातातच थरथरला. त्याने चाचपडत बोट फिरवलं.

"काढली," दादा म्हणाला. त्याला दम लागला होता. "भिंगाने आणि मी. दगडांवर ठेवून आम्ही परत पोचतोय तोवर पेटली. काय पेटली रे. सीटखाली असती तर..."

"कुणाला लागलं?"

"नाही." मग दादा म्हणाला, "सांगून टाकलंस."

"हो."

"बरं केलंस असं अजून म्हणवत नाही. संध्याकाळी म्हणेन." मग तो म्हणाला, "भिंग म्हणतो टेम्पोत टाकू गाडी. नाहीतर म्हणाला, मी मारतो किक. मी नको म्हटलं. सगळे गोल करून उभे आहेत, छोट्या. कुणी एक शब्द बोललेलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं."

इंजिनाच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही, त्यासाठीची वीज गाडी स्वतःच करते. म्हणजे किक मारली तर गाडी चालू होणार होती. हे त्याला माहीत होतं आणि दादालाही. "दादा, नको. तो घोटा—"

"याच घोट्याने मारायचीय."

"मग निदान लिव्हर—" तो बोलून गेला, आणि जीभ चावली.

"घेतलाय मागे," दादा म्हणाला. "तू तिथे डोळे मिटून बसलायस आणि लिव्हर इथे माझ्याजवळ आहे. आज काही भीती नाही."

दादाच्या आवाजात राग नव्हता, चिडवणं होतं, घरात जेवताना असतं तसं; बहुतेक त्रेपन्न वर्षं ते तिथेच होतं आणि त्याने कधी मान वर करून ऐकलं नव्हतं. "दादा, तुला ठाऊक—"

"फोन भिंगाकडे देतोय. चालू ठेव."

हात बदलल्याची खसखस झाली. मग दादाच्या बुटाचा दांड्यावर टेकल्याचा आवाज, मग अंगाचा सगळा भार खाली गेल्याचा, आणि इंजिनाचा एक जड उसासा. एक, त्याने मनात मोजलं आणि श्वास धरला. खुर्चीचा हात त्याने इतका घट्ट धरला की नखांत लाकूड गेलं. ओरडणं आलं नाही. वारा आला, दादाचं धापा टाकणं आलं, दांडा परत वर येऊन थांबल्याचं खट्ट आलं. मग पुन्हा बूट टेकला.

"दोन," तो मोठ्याने म्हणाला.

"काय दोन?" दारातून सिस्टरने विचारलं. "चला, तुमचा नंबर आला. डोळे उघडा आता."

त्याने हात वर करून तिला थांबायची खूण केली आणि डोळे मिटूनच तिसरीची वाट पाहत बसून राहिला.